शेवटचा भाग निराश का करतो? शिवत्रयीवरच्या प्रश्नाला एका संपादिकेचं उत्तर

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, आणि दुसरा तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिला आहे. पहिला असा: अमीश त्रिपाठी यांच्या शिवत्रयीचे पहिले दोन भाग तुम्ही आठ दिवसांत वाचून काढलेत. तिसरा भाग, ‘वायुपुत्रांची शपथ’, मात्र अर्ध्यावर दोन महिने पडून राहिला आणि संपवल्यावर हाती काही लागलं नाही असं वाटलं. चूक पुस्तकाची की माझ्या अपेक्षेची, असं तुम्ही विचारता. दुसरा असा: तुम्ही स्वतः परशुरामावर तीन भागांची कादंबरी लिहिता आहात, दोन भागांचा कच्चा खर्डा तयार आहे, आणि सहा महिन्यांपासून तिसऱ्या भागाला हात लागत नाही. मला वाटतं, तुम्हाला शिवत्रयीचा निकाल नको आहे. तिथे जे झालं ते आपल्याही हातून होईल, या धास्तीनं तुम्ही अडला आहात. म्हणून मी दोन्हींबद्दल लिहिते, पण नजर दुसऱ्या प्रश्नावर ठेवून.

मी बावीस वर्षं मराठी कथा-कादंबऱ्यांचं संपादन करते आहे. त्यात अनुवाद आले, तशा एकाहून जास्त भागांच्या कादंबऱ्याही आल्या. तीन मालिकांचे शेवटचे भाग माझ्या टेबलावरून छापखान्यात गेले. एकाबद्दल मला आजही समाधान आहे, एक बरा उतरला, एक फसला. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं मला त्या फसलेल्या भागानं शिकवलं.

आधी एक कबूल करते. निराशा किती झाली हे पुस्तकाइतकंच वाचण्याच्या रीतीवर अवलंबून असतं. शिवत्रयीचे भाग २०१०, २०११ आणि २०१३ साली आले. ज्यांनी दुसरा भाग संपवून दीड वर्ष वाट पाहिली, त्यांच्या मनात तोवर एक स्वतःचा तिसरा भाग तयार झाला होता आणि छापील भागाला त्याच्याशी स्पर्धा करावी लागली. तुम्ही तिन्ही भाग सलग वाचलेत. तुमच्यापुढे दुसरी अडचण होती: पहिल्या भागाचा वेग अजून अंगात होता. कोणत्या वयात वाचलं, इंग्रजीत वाचलं की मराठी अनुवादात, शिवपुराणातल्या कथा आधी किती कानावर पडल्या होत्या, या सगळ्यानं फरक पडतो. माझ्या ओळखीतल्या काही जणांना तिसराच भाग सर्वांत आवडतो आणि ते मनापासून तसं सांगतात. तेव्हा तुमची निराशा खरी आहे, पण ती एकमेव खरी प्रतिक्रिया नाही. तरीही तुम्हाला जे खटकलं त्याची कारणं पुस्तकात दाखवता येतात. (ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडून द्यावेत, कारण शेवट सांगितल्याशिवाय त्यावर बोलता येणार नाही.)

पहिल्या भागानं वाचकाला कशानं धरून ठेवलं ते आठवा. तिबेटातला एका टोळीचा तरुण नायक मेलुहात, म्हणजे सिंधू संस्कृतीत येतो, सोमरस पितो आणि त्याचा गळा निळा होतो. आपण मनात म्हणतो, अच्छा, नीलकंठ असा झाला तर! पुढे नाग म्हणजे जन्मतः शारीरिक व्यंग घेऊन आलेली माणसं निघतात, काली सतीची जुळी बहीण निघते, गणेश सतीचा टाकून दिलेला मुलगा निघतो. दर थोड्या पानांनी आपल्या ओळखीचं एक कुलूप नव्या किल्लीनं उघडतं. पुराणकथेवर बेतलेल्या अद्भुत कादंबरीची ही सर्वांत मोठी मिळकत आहे: ओळख पटण्याचा आनंद. पण ही मिळकत संपणारी आहे. पुराणातली कुलपं मोजकीच, आणि मालिका लोकप्रिय व्हायची तर लेखकाला ती पहिल्या दोन भागांतच उघडावी लागतात. तिसऱ्या भागाच्या उंबरठ्यावर आपण येतो तेव्हा फारच थोडी उरलेली असतात. मग नुसत्या कथानकाच्या आणि माणसांच्या बळावर पाचशेहून अधिक पानं चालवावी लागतात. तुम्ही अर्ध्यावर थांबलात ते इथेच थांबला असणार, असा माझा अंदाज आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन भाग एकच प्रश्न आपल्यासोबत चालतो: दुष्ट कोण? मेलुहाचे शत्रू चंद्रवंशी की नाग? तिसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच, मेला असं समजलेला मेलुहाचा शास्त्रज्ञ बृहस्पती शिवाला उत्तर देतो. दुष्ट कोणी माणूस नाही, सोमरस आहे. मेलुहाला ज्यानं दीर्घायुष्य दिलं त्याच्या निर्मितीपायी सरस्वतीचं पाणी आटतं आहे, त्याचा विषारी कचरा ब्रंग देशात रोगराई पसरवतो आहे आणि नागांची व्यंगंही त्यातूनच आली आहेत. कल्पना म्हणून ही मला सबंध मालिकेतली सर्वांत चांगली वाटते. ज्यानं एके काळी भलं केलं तेच अतिरेकानं घातक होतं, हे आपल्याला परकं नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तेव्हा मराठवाड्यातल्या उसाबद्दल आपण हेच बोलत होतो: ज्या पिकानं घरं उभी केली तेच विहिरी कोरड्या करतं आहे. पण ऊस सोडा असं सांगणं सोपं आणि सोडणं अवघड, कारण त्याच्यावर मुलीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज उभं असतं. कादंबरीत हे अवघडपण दिसायला हवं होतं. तिथे ते पुष्कळसं संवादातून समजावलं गेलं आणि तेही अगदी आरंभी. उत्तर हाती आल्यावर उरली ती युद्धाची तयारी: कोणतं सैन्य कोणत्या नदीनं जाणार, कोणतं शहर आधी घ्यायचं, अस्त्र मिळवायला वायुपुत्रांच्या देशात, परिहाला, कोण जाणार.

अपवाद आहे, आणि तो सांगितला नाही तर लेखकावर अन्याय होईल. मेलुहाचा सेनापती पर्वतेश्वर आठवा. शिवाला तो देव मानतो, सोमरसाबद्दलचं सत्य त्याला कळतं, तरी तो मेलुहाच्या बाजूनं उभा राहतो आणि त्याची पत्नी आनंदमयी त्याच्याबरोबर जाते. सबंध भागातली खरी कादंबरी मला त्या दोघांत दिसते. सोमरसाचा प्रश्न तिथे चर्चेत न राहता एका माणसाच्या छातीवर येऊन बसतो. त्यांना आणखी शंभर पानं मिळाली असती आणि सैन्याच्या हालचालींची शंभर कमी झाली असती, तर तुमचा प्रश्न कदाचित आलाच नसता.

सतीच्या मृत्यूबद्दल माझं मत अनेकांच्या उलट आहे. पुराणात ती दक्षाच्या यज्ञात स्वतःला जाळून घेते. इथे ती शांततेच्या बोलणीसाठी देवगिरीला जाते (यादवांची देवगिरी नव्हे, मेलुहाची राजधानी) आणि परदेशी मारेकऱ्यांशी लढता लढता पडते. त्यानंतर शिव पाशुपतास्त्र वापरून ते नगर नाहीसं करतो. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि सप्तशृंगी ही साडेतीन पीठं ज्यांच्या घरच्या बोलण्यात असतात त्या आपल्या वाचकाला सतीचा देह आणि शिवाचा शोक या कथेचं टोक आधीच ठाऊक असतं. लेखकानं ती बदलली, पण तिचा कणा मोडला नाही: बापाच्या दारी मुलीचा जीव जातो आणि त्या दुःखात एक जग भस्म होतं. राखून ठेवलेली दोन मोठी कुलपं त्यानं इथे उघडली. मी ते प्रकरण वाचताना थांबू शकले नाही. खंत एवढीच, की तिथवर पोचेपर्यंत बरेच वाचक थकलेले असतात आणि त्यानंतर उरलेल्यांचा हिशेब भराभर मिटवला जातो.

शेवट आधीच माहीत असतो, म्हणून शेवटचा भाग फिका पडतो, असं एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. ते मला पटत नाही. माझी आई दर चातुर्मासात श्रीधरांचा पांडवप्रताप वाचायची. चौसष्ट अध्याय. अभिमन्यूच्या अध्यायाच्या दिवशी तिचा आवाज खाली जायचा, आणि त्या संध्याकाळी ती फारसं बोलायची नाही. अभिमन्यू जगत नाही हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण त्याचं मरण कसं, कुणाच्या डोळ्यांदेखत, आणि कुणाचा हात एक क्षण उशिरा पोचला म्हणून, हे तिला दर वर्षी नव्यानं लागायचं. पुराणकथेचा वाचक ‘पुढे काय’ विचारत नाही. ‘हे टळलं असतं का’ असं विचारतो. शेवटच्या भागाचं काम त्याला हे जाणवून देण्याचं असतं, की टळता टळता राहिलं. ‘चकित’ करण्याच्या मागे लागलेला शेवटचा भाग हे काम विसरतो.

तुम्हाला तिसरा भाग लिहायचा आहे, तर महाभारताकडे एकदा निव्वळ रचना म्हणून पाहा. अठरा पर्वं. युद्ध भीष्मपर्वात सुरू होतं आणि सौप्तिकपर्वात, म्हणजे दहाव्यात संपतं. त्यानंतर आठ पर्वं उरतात! आजच्या भाषेत सांगायचं तर मोठी लढाई संपल्यावर जवळपास अर्धी पर्वं शिल्लक आहेत. त्यात बायकांचा आक्रोश आहे, शरपंजरी भीष्माचं लांबलचक बोलणं आहे, आणि मग मौसलपर्व, जिथे यादव आपसात लढून संपतात. द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर चालून येतात. तो गांडीव उचलतो आणि गांडीव ऐकत नाही. अस्त्रं आठवत नाहीत. इतक्या लढाया जिंकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर स्त्रिया पळवल्या जातात. शेवटी युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन सिंहासनावर, आणि भाऊ नरकात. हा शेवट नायकाला पुरता निराश करतो. वाचकाला करत नाही, कारण त्याची तयारी आधीच्या प्रत्येक पर्वात झालेली आहे. आणखी एक पाहा: महाप्रस्थानिक आणि स्वर्गारोहण ही शेवटची दोन पर्वं अगदी छोटी आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत पहिल्याचे तीन अध्याय, दुसऱ्याचे पाच. जिथे सांगण्यासारखं सर्वांत मोठं आहे तिथे शब्द सर्वांत कमी.

मराठीत जवळचा धडा ‘मृत्युंजय’चा आहे. १९६७ साली आलेली ती कादंबरी वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून कर्ण सांगते आणि शेवटचा भाग कृष्णाच्या तोंडी आहे. नायक मरणार असेल तर शेवट सांगणारा दुसरा कुणीतरी आधीपासून कथेत हवा, आणि त्याचा कर्णाशी हिशेब बाकी हवा. दुसरा धडा गीतरामायणाचा. १९५५-५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून वर्षभर, आठवड्याला एक अशी छप्पन गीतं झाली. सुरुवात होते ती रामासमोर रामायण गाणाऱ्या लव-कुशांपासून आणि शेवट होतो त्यांना गायला पाठवणाऱ्या वाल्मीकीपाशी. वर्तुळ तिथे मिटतं. शेवटचं गीत संपतं तेव्हा श्रोत्याला पहिलं गीत पुन्हा ऐकू येतं. वर्षभर हप्त्यांनी चाललेल्या रचनेला याहून चांगला शेवट मला माहीत नाही.

आता माझ्या कामाची रीत सांगते, कारण तुम्हाला उपयोग तिचाच व्हावा.

मालिकेचा शेवटचा भाग माझ्याकडे आला की मी तो उघडत नाही. आधीचे भाग पुन्हा वाचते आणि शेजारी एक वही ठेवते. तिला मी खतावणी म्हणते. डाव्या बाजूला वाचकाकडून लेखकानं काय उधार घेतलं ते लिहायचं: एक न सांगितलेलं रहस्य, एक शपथ, एक शस्त्र जे दाखवलं पण वापरलं नाही, एक म्हातारी जी काहीतरी जाणते, एक भाऊ जो रागावून निघून गेला. उजवी बाजू कोरी. मग शेवटचा भाग वाचत उजवीकडे लिहायचं की परतफेड कोणत्या पानावर झाली. एका मालिकेची डावी बाजू त्रेसष्ट नोंदींवर गेली होती. लेखक घाबरले. म्हणाले, त्रेसष्ट गोष्टी मिटवायच्या तर हजार पानं लागतील.

तेव्हा मला आपल्या कहाण्यांचा शेवट आठवला. श्रावणातल्या प्रत्येक कहाणीच्या शेवटी आपण म्हणतो: साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. लहानपणी मी हे वाक्य न समजता म्हणायचे. त्या दिवशी मी ते त्या लेखकांना कामाची सूचना म्हणून सांगितलं. त्रेसष्टपैकी पाच निवडा. ज्यांची फेड झाली नाही तर वाचक रात्री उठून बसेल अशा पाच. त्यांना जागा द्या, प्रसंग द्या, दुःख द्या. वीसेक नोंदी एकेका वाक्यात मिटतील. उरलेल्यांपैकी काही आधीच्या भागांतूनच काढून टाका, कारण ते कर्ज काढायचंच नव्हतं. काही तशाच मोकळ्या सोडा, आयुष्यात राहतात तशा. तो भाग मूळ खर्ड्याच्या निम्म्याहून थोडा मोठा झाला, आणि माझ्या समाधानाचा भाग म्हणतात तो हाच.

फसलेल्या भागाची गोष्ट वेगळी आहे. प्रकाशकांनी प्रकाशनाची तारीख आधी जाहीर केली. लेखक हप्त्यानं प्रकरणं देत होते. पहिल्या वीस प्रकरणांची पानं लागली होती, प्रुफं तपासून झाली होती, आणि शेवटची दहा अजून लिहायची होती. सव्विसाव्या प्रकरणात लेखकांच्या लक्षात आलं की खरा दोषी नायिकेचा गुरू असायला हवा. ते बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. पण त्याचं बी पाचव्या प्रकरणात पेरायला हवं होतं, आणि पाचवं प्रकरण छापखान्यात गेलं होतं. मी आणखी दोन महिने मागायला हवे होते, अडून बसायला हवं होतं. मी तसं केलं नाही. वाचकांची पत्रं आली, सगळ्यांत एकच तक्रार: शेवट चिकटवल्यासारखा वाटतो. तो चिकटवलेलाच होता. लेखकांनी त्यानंतर तीन वर्षं काही लिहिलं नाही, आणि माझ्या हातून झालेली ही चूक मी विसरलेली नाही.

म्हणून पहिला भाग आणि शेवटचा भाग यांत एक मूलभूत असमानता असते, ती लक्षात घ्या. पहिला भाग लेखक नोकरी सांभाळून, कुणी वाट पाहत नसताना, चार-चार वर्षं घोळवत लिहितो. अमीश यांनीही पहिला भाग लिहिला तेव्हा ते आर्थिक सेवा क्षेत्रात नोकरी करत होते. शेवटचा भाग मात्र सगळे वाट पाहत असताना लिहायचा असतो, आणि त्या वेळी आधीचे भाग छापून झालेले असतात. त्यातलं एक अक्षर बदलता येत नाही. तुमच्या हाती आज एक अशी गोष्ट आहे जी कोणत्याही प्रसिद्ध लेखकाकडे तिसऱ्या भागाच्या वेळी नसते: तुमचे पहिले दोन भाग अजून कच्चे आहेत. तिसरा भाग पूर्ण झाल्याशिवाय पहिला कुणाला देऊ नका. एवढी एक गोष्ट केलीत तरी निम्मी भीती जाईल.

थोडक्यात आतापर्यंतचं: ओळख पटण्याचा आनंद पहिल्याच भागात खर्चून टाकू नका, दोन मोठी कुलपं राखा. मध्यवर्ती प्रश्नाचं उत्तर संवादात देऊ नका, ते कुणाला तरी महाग पडू द्या. लढाई शेवटच्या पानापर्यंत ताणू नका. आणि उधारी मोजा.

आता परशुराम. शिवत्रयीतही तो भेटतो, ब्रंगातल्या जंगलातला दरोडेखोर म्हणून, तेव्हा तुमचे काही वाचक तुलना करतील. करू द्या. तुमची अडचण त्याहून मोठी आहे आणि मला वाटतं तुमचा हात तिच्यापाशीच अडला आहे: परशुराम चिरंजीव आहे. त्याला मरण नाही. ज्या नायकाला मरण नाही त्याच्या कथेचा शेवट कुठे करायचा? तुम्ही लिहिलंत की तिसरा भाग एकविसाव्या मोहिमेवर आणि एका महायुद्धावर संपवायचा आराखडा आहे. माझा आग्रह आहे की तसं करू नका. एकविसावी मोहीम विसाव्यासारखीच असणार, आणि विसावी एकोणिसाव्यासारखी. तिथे फक्त आकडा पूर्ण होतो.

मूळ कथेत मोहिमांनंतर जे आहे तेच मला विलक्षण वाटतं. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करून तो ती सगळी कश्यपाला दान देऊन टाकतो. आणि कश्यप त्याला सांगतो: आता ही भूमी माझी आहे, तू इथे राहायचं नाहीस, दक्षिण समुद्राच्या तीरावर जा. शांतिपर्वात हे आहे. एवढ्या रक्तानं जिंकलेल्या जमिनीवर त्याला पाय ठेवायला जागा नाही. मग समुद्र त्याच्यासाठी मागे सरून जागा करतो, ते शूर्पारक, म्हणजे आपलं नालासोपारा. कोकणात हीच कथा बाणाच्या रूपानं सांगतात, आणि चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवळात जाणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. तिथे ती बहुधा पराक्रमाची कथा म्हणून सांगितली जाते. तुम्ही ती बेघर झालेल्या माणसाची कथा म्हणून लिहून पाहा. ज्यानं आईचा वध बापाच्या शब्दाखातर केला आणि बापाच्या वधासाठी पृथ्वी रक्तानं भिजवली, त्याला शेवटी राहायला मिळते ती खारी, ओली, कालपर्यंत पाण्याखाली असलेली जमीन. तिथे काही उगवत नाही. तिथे तो काय करतो? कुणाला बोलावतो? पहिलं बी कोणाच्या हातून पडतं?

आणि त्यानंतरही तो जगतोच. तो दुसऱ्यांच्या कथांत येत राहतो, आणि जिथे येतो तिथे बहुतेकदा काहीतरी हरतो. मिथिलेहून परतणाऱ्या रामासमोर त्याचं तेज ओसरतं. अंबेसाठी तो स्वतःच्या शिष्याशी, भीष्माशी तेवीस दिवस लढतो आणि तिला न्याय मिळवून देऊ शकत नाही. कर्णाला शिकवतो आणि शाप देतो. अमर माणसाला कथाच सोडून जात नाही. शेवटचा भाग कुणाच्या तोंडी द्यायचा हा प्रश्न तुम्हाला पडेल तेव्हा या चौघांचा विचार करा. मला स्वतःला अंबा योग्य वाटते. तिचा त्याच्यावर विश्वास होता, तो अपुरा पडला, आणि ती त्याच्याबद्दल जे बोलेल ते त्याचा शिष्य किंवा भक्त कधीच बोलणार नाही. पण तुमच्या पहिल्या दोन भागांत तिची चाहूलही नसेल तर तिसऱ्यात ती एकदम उभी करू नका. आधी मागे जा. पहिल्या भागात कुठेतरी, कुणाच्या तरी तोंडी, काशीच्या तीन राजकन्यांपैकी थोरलीचं नाव येऊ द्या. किंवा रचनाच बदला: गीतरामायणासारखी सुरुवातच तिच्यापासून करा. ती महेंद्र पर्वतावर मदत मागायला आली आहे आणि दारात बसलेल्या कुणीतरी तिला विचारलं आहे, तू ज्याच्याकडे आलीस तो कोण आहे हे तुला ठाऊक आहे का?

कामाचा क्रम मी असा ठेवला असता. या आठवड्यात तिसऱ्या भागाला हात लावू नका. दोन्ही खर्डे काढा, एक शंभरपानी वही घ्या आणि खतावणी लिहा. आठ-दहा दिवस लागतील. त्यातून पाच नोंदींवर लाल खूण करा, आणि त्या कोणत्या हे घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं सांगा. सांगताना ज्या नोंदीपाशी तुमचा आवाज बदलेल तिच्यावर तिसरा भाग उभा राहतो. मग शेवटचं पान लिहा. संपूर्ण प्रकरण नको, एकच पान: समुद्र नुकताच मागे हटला आहे, पायाखाली शिंपल्यांचा चिखल आहे आणि परशू धुवायला गोडं पाणी कुठेच नाही. ते पान भिंतीवर लावा आणि तिथून मागे मागे लिहीत या.

खतावणी झाली की डाव्या बाजूला किती नोंदी निघाल्या ते मला कळवा. साठाच्या वर गेल्या तर घाबरू नका, त्यातल्या कोणत्या पाच ठेवायच्या यावर पुन्हा बोलू.